आधी देणं, मग दान

१९९४ साली आमच्या मोहल्ल्यात केबल आली तेव्हा मी आठवीत होते. त्याआधी प्रत्येक छपरावर अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना असायचा. वाऱ्याने तो फिरला की थोरला भाऊ वर चढायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" मग एक दिवस केबलवाला आला. खांद्यावरचं काळ्या तारेचं भेंडोळं सोडत त्याने या गच्चीवरून त्या गच्चीवर तार टाकली आणि भावाचं वर चढणं कायमचं बंद झालं. दर महिन्याच्या पाच तारखेला तो पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहायचा. घरात कितीही ओढाताण असली तरी अम्मी त्याला कधी परत पाठवायची नाही. "जिसका है उसकू दे डालो," एवढंच म्हणायची.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "आपा, ये केबल निकाला किसने?" मी म्हटलं, शोधून सांगते. शिक्षकाने 'माहीत नाही' म्हणायला लाजू नये, पण दुसऱ्या दिवशीही तेच म्हणू नये, असं मला वाटतं. शोधायला बसले आणि एका माणसापाशी येऊन थांबले. बिल डॅनियल्स त्यांचं नाव. अमेरिकेत त्यांना 'केबल टेलिव्हिजनचे जनक' म्हणतात. मरताना त्यांनी एक अब्ज डॉलरहून अधिक संपत्ती समाजासाठी ठेवली. पण श्रीमंत माणसाने मोठं दान केलं, ही काही मी लेख लिहावा अशी बातमी नाही. मी थांबले ते त्यांनी १९८० साली सॉल्ट लेक सिटीत केलेल्या एका गोष्टीपाशी. त्या गोष्टीचं आमच्या घराशी नातं आहे. ते पुढे सांगेनच. आधी केबलचं आणि डॅनियल्स यांचं.

मुलाच्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की पलीकडच्या दरीतल्या गावाला काही दिसत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या महानॉय सिटी या खाणकामगारांच्या गावात जॉन वॉल्सन यांचं विजेच्या उपकरणांचं दुकान होतं. त्यांच्याकडचे टीव्ही विकले जाईनात, कारण गावात चित्रच येत नव्हतं. त्यांनी डोंगरावर अँटेना उभारला आणि तिथून तार खाली दुकानापर्यंत आणि वाटेतल्या घरांपर्यंत आणली. हे १९४८ चं, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगॉन राज्यातल्या अ‍ॅस्टोरियात, एड पार्सन्स यांनी एका हॉटेलच्या छपरावर अँटेना लावून सिएटलचं केंद्र पकडलं. म्हणजे एकाच सुमाराला वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी आपापल्या अडचणीवर एकच तोडगा काढला. उंचावर सगळ्यांचा मिळून एक अँटेना, तिथून घरोघरी तार, आणि ज्याच्या घरी तार त्याने महिन्याला पैसे द्यायचे. सुरुवातीला या धंद्याला 'सामुदायिक अँटेना' असंच म्हणत.

अडचणीत भर घातली सरकारने. केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळू लागल्या म्हणून अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने सप्टेंबर १९४८ मध्ये नव्या टीव्ही केंद्रांना परवाने देणं थांबवलं. काही महिन्यांपुरती म्हणून आलेली ही बंदी एप्रिल १९५२ पर्यंत टिकली. त्या काळात काही मोठ्या शहरांत लोक रोज टीव्ही बघत होते आणि कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हरमध्ये एकही केंद्र नव्हतं. बंदी उठली आणि जुलै १९५२ मध्ये डेन्व्हरचं पहिलं केंद्र सुरू झालं. आपली गोष्ट इथून सुरू होते.

बिल डॅनियल्स यांचा जन्म १ जुलै १९२० चा, कोलोरॅडोतल्या ग्रीली गावचा. महामंदीच्या काळात वाढलेलं हे पोर. पुढे कुटुंब न्यू मेक्सिकोतल्या हॉब्स या तेलाच्या गावी गेलं. घरच्यांनी त्यांना रॉसवेलच्या लष्करी शाळेत घातलं. तिथे शिस्त लागली आणि मुष्टियुद्धाचा नाद लागला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाचे लढाऊ वैमानिक होते, पॅसिफिक महासागरात लढले. कोरियाच्या युद्धात पुन्हा बोलावणं आलं. १९५२ मध्ये गणवेश उतरवला तेव्हा वय बत्तीस, आणि पुढे काय करायचं हे ठरत होतं ते एवढंच, की वायोमिंग राज्यातल्या कॅस्परला जाऊन विमा विकायचा. कॅस्परही तेलाचंच गाव. विहिरी खोदणाऱ्यांना विमा लागतो, हे हॉब्समध्ये वाढलेल्या माणसाला ठाऊक होतं.

वाटेत डेन्व्हरला ते मर्फीज नावाच्या एका बारमध्ये शिरले. तिथे भिंतीजवळ टीव्ही चालू होता आणि त्यावर मुष्टियुद्धाचा सामना. त्यांनी टीव्ही प्रथमच पाहिला तो तिथे. स्वतः मुष्टियोद्धा असलेला माणूस पडद्यासमोर खिळून बसला. उठताना डोक्यात एकच विचार होता. हे कॅस्परला कसं न्यायचं?

कॅस्परला टीव्ही केंद्र नव्हतं आणि डेन्व्हर चारशे किलोमीटरहून दूर. इतक्या अंतरावर गावाबाहेरच्या टेकडीवर कितीही उंच अँटेना लावला तरी उपयोग शून्य. मग डॅनियल्स यांनी टेलिफोन कंपनीच्या मायक्रोवेव्ह मनोऱ्यांचा आधार घेतला. एका मनोऱ्याने लहरी झेलायच्या आणि पुढच्या मनोऱ्याकडे फेकायच्या. आपल्याकडे उरुसात पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवतात, तसंच. १९५३ मध्ये उभी राहिलेली ही व्यवस्था अमेरिकेत अशा पद्धतीने दुरून कार्यक्रम आणणाऱ्या पहिल्या केबल व्यवस्थांपैकी एक होती. गावाला मिळाली एकच वाहिनी. पण जिथे काहीच नव्हतं तिथे एक म्हणजे खूप झालं.

डॅनियल्स यांचं खरं मोठेपण मात्र तार टाकण्यात नव्हतं. १९५८ मध्ये त्यांनी डेन्व्हरला डॅनियल्स अँड असोसिएट्स ही कंपनी काढली. तिचं काम केबल व्यवस्थांच्या खरेदीविक्रीत मध्यस्थी करायची आणि या धंद्याला भांडवल मिळवून द्यायचं. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. केबलवाला बँकेत जाऊन कर्ज मागायचा तेव्हा बँक विचारायची, तारण काय? जमीन नाही, इमारत नाही. तार टांगलेले खांबसुद्धा बहुतेक वेळा टेलिफोनवाल्यांचे किंवा वीजवाल्यांचे. डॅनियल्स समजावून सांगत, की तारण म्हणजे ही हजारो घरं आहेत. ती दर महिन्याला न चुकता पैसे भरतात, तोच हा धंदा. माझ्या अम्मीसारख्या बायकांच्या भरवशावर कर्ज द्या, असंच ते सांगत होते म्हणायचं! हळूहळू बँका आणि विमा कंपन्यांना ते पटलं. छोट्या गावांतले कितीतरी केबलवाले त्यांच्या ओळखीवर उभे राहिले आणि पुढे डेन्व्हर ही अमेरिकेच्या केबल उद्योगाची राजधानी मानली जाऊ लागली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा सगळा पैसा सामान्य घरांच्या महिन्याच्या बिलांतून आला. गावात बहुधा एकच केबल कंपनी असायची. ती दर वाढवायची तेव्हा गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागा नसायची. तक्रारी इतक्या वाढल्या, की १९९२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसला केबलच्या दरांवर पुन्हा लगाम घालणारा कायदा करावा लागला. ज्या उद्योगाचे हे जनक, त्याच्यावरचा हा ठपका बाजूला ठेवून त्यांना फुलं वाहणं बरोबर नाही. आणि ते काही वली-औलिया नव्हते. चार लग्नं झाली, चारही मोडली. मूलबाळ नव्हतं. दारूचं व्यसन इतकं होतं, की १९८० च्या दशकात त्यांना बेटी फोर्ड सेंटर या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावं लागलं. तिथून ते व्यसन सोडून बाहेर पडले. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही आणि पुढे व्यसनात अडकलेल्यांसाठी पैसा दिला.

खेळाचा नाद मात्र आयुष्यभर सुटला नाही. डेन्व्हरमध्ये त्यांनी हौशी मुष्टियोद्ध्यांचा एक संघ उभा केला होता. तुरुंगात काही वर्षं काढून आलेल्या रॉन लाइल या तरुणाला त्या संघात जागा मिळाली. हाच लाइल पुढे १९७५ मध्ये मुहंमद अली यांच्यासमोर जगज्जेतेपदासाठी उभा राहिला. हरला, पण अकराव्या फेरीपर्यंत टिकला. अलींचे सामने आमच्या घरी अब्बांना तोंडपाठ होते. पण त्या लढतीमागे एक केबलवालाही होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

आता सॉल्ट लेक सिटी.

१९७० मध्ये डॅनियल्स यांनी लॉस एंजेलिस स्टार्स हा बास्केटबॉलचा संघ विकत घेतला आणि तो यूटा राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटीत हलवला. नाव झालं यूटा स्टार्स. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन नावाच्या नव्या स्पर्धेतला हा संघ. पहिल्याच मोसमात, १९७१ मध्ये, तो अजिंक्य ठरला. शहर वेडं झालं. लोकांनी वर्षभराच्या सामन्यांची तिकिटं आगाऊ पैसे भरून घेतली. १९७४ मध्ये संघाने शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मोझेस मलोन या पोराला करारबद्ध केलं. तो पुढे अमेरिकेच्या थोर खेळाडूंपैकी एक झाला.

वरून सगळं झगमगीत दिसत होतं आणि आतून पैसा गळत होता. त्याच १९७४ मध्ये डॅनियल्स कोलोरॅडोचे गव्हर्नर व्हायला निघाले होते. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारीच मिळाली नाही. संघ त्यांनी दुसऱ्याला विकला. त्या माणसाला पैसे देता आले नाहीत आणि संघ पुन्हा यांच्याच गळ्यात आला. शेवटी डिसेंबर १९७५ मध्ये, मोसम सुरू होऊन सोळा सामने झालेले असताना, यूटा स्टार्स बंद पडला. वर्षभराची तिकिटं घेतलेल्यांचे उरलेले पैसे बुडाले. माल देणाऱ्यांची, सेवा पुरवणाऱ्यांची बिलं राहिली. अमेरिकेत काय किंवा आपल्याकडे काय, अशा वेळी कायदा स्पष्ट असतो. कंपनी बुडाली की तिच्याकडे जे शिल्लक असेल ते वाटलं जातं. उरलेलं मालकाच्या घरातून वसूल होत नाही. लोक चार दिवस शिव्या देतात आणि विसरतात. १९७९ मध्ये यूटा जॅझ हा नवा संघ त्या शहरात आला. जुन्या स्टार्सचं नाव काढणारेही कमी झाले असणार.

१९८० मध्ये डॅनियल्स सॉल्ट लेक सिटीला परत आले ते पैसे घेऊन. पाच वर्षांपूर्वी ज्यांचे पैसे बुडाले होते, त्या तिकीटधारकांना आणि देणेकऱ्यांना त्यांनी शोधून काढलं आणि व्याजासह रक्कम दिली. कोणत्याही कायद्याने ते बांधलेले नव्हते. पाच वर्षांत परिस्थिती सुधारली, तेव्हा आधी हे काम केलं.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. कारण असा एक माणूस माझ्या घरात होता.

अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागे त्यांची टपरी होती. मोहल्ल्यात ते भिशी चालवायचे. वीस जण, महिन्याला हजार रुपये, ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला वीस हजार. २००१ च्या भिशीत पहिल्या काही चिठ्ठ्यांत ज्यांची नावं निघाली, त्यांतले दोघे सहा हप्ते भरून गाव सोडून गेले. दोघांचे मिळून अठ्ठावीस हप्ते राहिले. अठ्ठावीस हजार रुपये. अब्बांची महिन्याची कमाई तेव्हा चार हजारांच्या आसपास.

भिशी कायद्याच्या कागदावर नसते. लोक म्हणाले, "चाचा, तुम थोडेच भागे? तुमचा काय दोष?" अब्बांनी एक वही केली. शेवटच्या ज्या सभासदांना पूर्ण रक्कम मिळणार नव्हती त्यांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे किती कमी पडले ते लिहिलं. पुढची तीन वर्षं ते रात्री घरी मशीन आणून दुरुस्त करत राहिले. मी बीए झाले होते, बीएडला नंबर लागत होता. अब्बा म्हणाले, "एक साल रुक बेटा." मी रुकले. राग आला होता, आज सांगायला हरकत नाही. अम्मीलाही आला होता. मी एकदा विचारलं, की पळून गेलेल्यांचं पाप आपण का फेडायचं? ते म्हणाले, "पैसे उन्होंने मेरा मुँह देखके दिये थे."

त्या वाक्याचा अर्थ मला सॉल्ट लेक सिटीची गोष्ट वाचताना नीट कळला. तिकीट घेणाऱ्यांनीही पैसे कुणाचं तरी तोंड बघूनच दिले होते. कंपनी नावाचा कायद्याने तयार केलेला जीव मरतो, पण ज्याचं तोंड बघून पैसे दिले तो माणूस जिवंत असतो. तो रोज आरशात स्वतःचं तोंड बघतो.

आपल्यातल्या वाचकांना हे परकं वाटू नये. एखाद्याचा जनाजा समोर आला की प्रेषित मुहंमद (स.) आधी विचारत, याच्यावर कर्ज आहे का, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेतून कफन-दफनाचा खर्च निघतो, मग कर्ज फेडलं जातं, त्यानंतर वसीयत आणि शेवटी वारस. वसीयतही एकतृतीयांशाच्या आतच. म्हणजे दान करण्याची इच्छा कितीही पाक असली तरी रांगेत कर्ज तिच्या पुढे उभं असतं. मराठीने तर ही गोष्ट एकाच शब्दात बसवून टाकली आहे. 'देणं' म्हणजे देण्याची क्रिया आणि 'देणं' म्हणजे कर्जही. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना दोन्ही अर्थ फळ्यावर लिहायला लावते. उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द लागतात, आणि इथे मात्र मराठी उर्दूवर मात करते, असं मी मोकळेपणाने कबूल करते.

डॅनियल्स यांच्या दानाची यादी यानंतर वाचली की ती वेगळी दिसते. त्यातली एक गोष्ट शिक्षिका म्हणून मला फार आवडली. डेन्व्हरच्या एका शाळेतल्या मुलांना वर्गाच्या उपक्रमासाठी थोडं कर्ज हवं होतं आणि बँकेने दिलं नाही, अशी बातमी त्यांनी १९८० च्या दशकात वाचली. दुसरा कोणी असता तर त्या वर्गाला चेक पाठवून मोकळा झाला असता. डॅनियल्स यांनी मुलांसाठी बँकच काढायची ठरवली. परवाना मिळायला वेळ लागला. बँकेचं नियमन करणाऱ्यांना ही कल्पना पटवणं सोपं नव्हतं, कारण अल्पवयीन मुलाने केलेला करार कायद्यात टिकत नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये डेन्व्हरमध्ये यंग अमेरिकन्स बँक उघडली. खातेदार एकवीस वर्षांपर्यंतचे. खातं खरं, चेकबुक खरं, कर्जही खरं. लहान मुलाच्या कर्जाला मोठ्या माणसाची सही लागते, पण अर्ज मुलानेच भरायचा आणि कर्ज कशासाठी हवं, फेडणार कसं, हे बँकेतल्या माणसाला मुलानेच सांगायचं. याच संस्थेने पुढे मुलांचं एक छोटं शहर उभारलं. पाचवीच्या वयाची मुलं वर्गात आठवडेन् आठवडे तयारी करतात आणि मग एक दिवस ते शहर चालवतात. कोणी दुकानदार, कोणी न्यायाधीश, कोणी महापौर. पगार घेतात, बिल भरतात.

यावर आपल्याकडचे काही वाचक म्हणतील, आपा, बँक म्हटलं की व्याज आलं. त्या चर्चेचं महत्त्व मी कमी लेखत नाही. पण मुलाला हिशेब शिकवण्यासाठी व्याज लागत नाही, वही लागते. मी शाळेत होते तेव्हा आमच्याकडे 'संचयिका' होती. मुलांची बचत बँक, पैसे जमा करणारीही मुलं आणि नोंद ठेवणारीही मुलं. आठवीत मी तिची खजिनदार होते. चार आणे, आठ आणे, रुपया. शनिवारी बेरीज जुळली नाही तर सर घरी जाऊ देत नसत. दुसऱ्याचे पैसे आपल्या हातात असणं म्हणजे काय, ते मला त्या वहीने शिकवलं. अमानत हा शब्द दीनियातच्या तासाला नुसता पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या शनिवारी कळला. आज बहुतेक शाळांतून संचयिका गेली आहे आणि मुलांच्या हातात पैसे पाठवणारं अ‍ॅप आलं आहे. कर्ज देणारं अ‍ॅपही आलंय. मधली पायरी, जिथे चूक चार आण्यांची असते, ती गेली.

डॅनियल्स यांनी डेन्व्हर विद्यापीठाच्या व्यवस्थापन महाविद्यालयाला कोट्यवधी डॉलर दिले. अट एकच होती. विद्यार्थ्यांना धंद्यातली नीतिमत्ता शिकवा, आणि तीही कोपऱ्यातला एखादा जादा विषय म्हणून नको, तर अभ्यासक्रमाच्या मध्यभागी हवी. ते महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. सॉल्ट लेक सिटीला जाऊन पैसे फेडलेल्या माणसाने ही अट घातली होती, म्हणून तिला वजन आहे. ज्याने देणी बुडवली त्याने नीतिमत्तेचं अध्यासन काढलं असतं तर विद्यार्थी मागच्या बाकावर हसले असते.

डेन्व्हरमध्ये त्यांनी स्वतःसाठी एक प्रचंड घर बांधलं होतं. नाव 'केबललँड'. एका भिंतीवर टीव्हीच टीव्ही, सगळ्या वाहिन्या एकाच वेळी बघता याव्यात म्हणून. ज्याने बारमध्ये एक टीव्ही बघून आयुष्य बदललं, त्याचा हा शौक समजण्यासारखा आहे. ते घर त्यांनी १९९८ मध्ये डेन्व्हर शहराला महापौरांचं अधिकृत निवासस्थान म्हणून देऊन टाकलं. ७ मार्च २००० रोजी ते गेले, तेव्हा वय एकोणऐंशी. त्यांची संपत्ती डॅनियल्स फंड या धर्मादाय निधीकडे गेली. कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, यूटा आणि वायोमिंग या चार राज्यांत तो निधी काम करतो. जन्म कोलोरॅडोत, बालपण न्यू मेक्सिकोत, पहिली तार वायोमिंगमध्ये आणि मोठी फजिती यूटात. ज्या मातीने काही दिलं, आणि जिथल्या लोकांचे पैसे एकदा बुडाले होते, त्या सगळ्यांची नावं त्यात आहेत. हजारो मुलं या निधीच्या शिष्यवृत्तीवर शिकली. वृद्ध, बेघर, अपंग आणि व्यसनातून बाहेर पडू पाहणारे यांच्यासाठीही तो पैसा जातो.

निधीच्या सुरुवातीच्या वर्षांत वादही झाले. इतर राज्यांतली कार्यालयं बंद केली गेली, पैसा कुठे आणि कसा खर्चायचा यावरून मतभेद झाले. मग विश्वस्तांनी डॅनियल्स यांची पत्रं, भाषणं, त्यांनी हयातीत केलेली दानं चाळून त्यांना काय हवं होतं ते लिहून काढलं आणि त्याला धरून राहायचं ठरवलं. वक्फचा ज्यांनी थोडाफार अभ्यास केला आहे त्यांना इथे 'मन्शा-ए-वाकिफ' आठवेल. देणाऱ्याने जे ज्यासाठी दिलं ते त्याचसाठी वापरायचं. वक्फची ही जुनी शिकवण डेन्व्हरच्या विश्वस्तांनी आपल्या वाटेने जाऊन गाठली. आपण मात्र ती घरात असून किती पाळतो, हे आपापल्या गावच्या दर्ग्याच्या जमिनीकडे बघून प्रत्येकाने ठरवावं.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपल्या समाजात दानशूरांची कमी नाही. रमजानात रस्त्यारस्त्यावर ते दिसतं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मी अशा एका संस्थेत काही वर्षं नोकरी केली आहे, जिथे दारात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती आणि आत शिक्षकांचे पगार चार-चार महिने थकलेले होते. पाटीवर पहिलं नाव संस्थेच्या अध्यक्षांचं. दरवर्षी ते गरिबांना कपडे वाटायचे, फोटो छापून यायचा. आमच्यातली एक विधवा सहकारी त्या रांगेत उभी राहिली असती तर तिलाही साडी मिळाली असती. तिचा पगार मात्र मिळत नव्हता. असं फक्त त्याच संस्थेत होतं असं नाही, आणि फक्त आपल्यातच होतं असंही नाही. मजुराची मजुरी, दुकानदाराची उधारी, इमामसाहेबांचा पगार, बहिणीचा वारसाहक्क ही सगळी देणी आहेत. ती फेडल्यावर टाळ्या वाजत नाहीत, पाटी लागत नाही. म्हणूनच ती मागे राहतात आणि दान पुढे जातं.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं. वॉल्सनचं दुकान, मर्फीज बार, मनोऱ्यांची साखळी, मुलांची बँक. सॉल्ट लेक सिटीही सांगितली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "आपा, कोणी मागत नव्हतं तर दिले कशाला?" मी उत्तर दिलं नाही. गृहपाठ दिला. प्रत्येकाने घरी जाऊन विचारायचं, आपल्या घराचं कुणाला काय देणं आहे का, आणि मला सांगायचं नाही, वहीत लिहून स्वतःजवळ ठेवायचं.

अब्बांची ती वही माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडली आहेत. एकेका नावावर आडवी रेघ आहे आणि पुढे तारीख. शेवटची रेघ मार्च २००४ ची, आणि त्या तारखेला मी बीएडच्या परीक्षेच्या तयारीला लागले होते.